असेल, असावा, असता

वर्धा,
शनिवार, १२ जुलै २०२५

ती. सौ. नलूताईस,
शरयूचा शि. सा. नमस्कार.

तुझा फोन परवा आला तेव्हा मी तासावर होते आणि काल आला तेव्हा दूध उतू जात होतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही वेळा मला तो उचलता आला असता हेही खरं आहे. पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं' म्हणते. ठेवल्यावर लक्षात येतं की 'हं' म्हणता म्हणता मी कशाला तरी कबूल झाले. तुझ्या शेजारचा तो नाशिकचा फ्लॅट मी असाच एका 'हं'मध्ये पसंत केला म्हणे. म्हणून हे पत्र. तू निवृत्त मुख्याध्यापिका असलीस तरी पत्राला मध्येच थांबवता येत नाही.

प्रकृती ठीक. गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो, चढताना नाही. देवेंद्रभाऊजींनी पाठवलेला चिवडा पोचला. आमच्या इकडच्या मानाने गोड आहे, पण वरून तिखट टाकून मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी संपवला.

फ्लॅटबद्दल पुढे लिहिते.

निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत क्लास काढला तेव्हा तू म्हणालीस, आता तरी जरा स्वस्थ बस. स्वस्थ बसून पाहिलं, आठवडाभर. मग सावंगीला नर्सिंग केलेली पोरं-पोरी यायला लागली. यांना परदेशात नोकरी हवी आहे आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. सुया टोचण्यात, पट्ट्या बांधण्यात पटाईत, पण इंग्रजी वाक्य समोर आलं की नाडी सापडत नाही. सध्या आमची गाडी एकाच धड्यावर अडली आहे. भूतकाळात काय घडलं असेल, हे इंग्रजीत कसं सांगायचं? 'मे हॅव', 'माइट हॅव', 'मस्ट हॅव', 'कुड हॅव'. मी मराठीतून शिकवते. पेशंट पडला 'असेल', म्हणजे मला माहीत नाही, अंदाज आहे. तिथे 'मे' किंवा 'माइट'. पेशंट पडला 'असावा', खाटेखाली चप्पल आहे, कपाळावर टेंगूळ आहे, तिथे 'मस्ट'. आणि पेशंट पडला 'असता', पण पडला नाही, तू वेळेवर धरलंस, तिथे 'कुड'. इतकं सोपं करून सांगितल्यावर सुमीत नावाच्या माझ्या हुशार विद्यार्थ्याने लिहिलं, 'द पेशंट मस्ट हॅव डाइड, सो वी कॉल्ड द डॉक्टर.' पेशंट मेलाच असावा, म्हणून आम्ही डॉक्टरांना बोलावलं! मी म्हटलं, अरे, हे वाचून तुला कोण नोकरी देईल? तर शांतपणे म्हणतो, "मॅडम, पन असंच झालतं."

या क्लासात एक प्रौढ विद्यार्थीही आहेत. हिरालालजी. मेन रोडवरचं ते मोठं कापड दुकान तुला आठवत असेल, लाल पाटीचं; त्याचे मालक. मुलगी आचल माझ्याकडे येते. हिरालालजी तिला सोडायला यायचे आणि बाहेर स्कूटरवर बसून राहायचे. मग पायरीवर बसू लागले. मग ऊन वाढलं म्हणून पोर्चमध्ये, पंखा नाही म्हणून आत मागच्या खुर्चीवर, आणि एके दिवशी वही घेऊनच आले. आचल म्हणाली, "पप्पा, तुमाले काऊन पायजे इंग्रजी?" तर हिरालालजी म्हणाले, "तू तिकडं गेली त मी तुया घरी कोनाशी बोलू? भिंतीशी?" पत्नी प्रमिलाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अंकित दुकान पाहतो. त्यामुळे हिरालालजींना वेळ आहे आणि प्रश्न विचारायची हौस आहे. परवा हात वर करून म्हणतात, "मॅडम, मले एक सांगा. मे, माइट, मस्ट, कुड. एकाच मालाचे चार भाव काऊन?" मी म्हटलं, माल एक नाही, खात्री कमीजास्त आहे. हिरालालजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे मस्ट हॅव म्हंजे कापड हातात घेऊन सांगतलेला भाव. मे हॅव म्हंजे फोनवर सांगतलेला." पोरांना माझ्यापेक्षा हे लवकर कळलं. मी हिरालालजींना सांगितलं की वर्गात हात वर करून बोलायचं असतं, आणि हात वर केला तरी मी परवानगी दिल्यावर बोलायचं असतं. त्यावर हिरालालजी जे हसले ते सांगता येणार नाही.

गुरुवारी गुरुपौर्णिमा होती. पोरांनी पेनं दिली, एक मग दिला, एकीने घुबडाच्या आकाराचं घड्याळ दिलं, ते मी पालथं ठेवलं आहे. हिरालालजींनी शाल आणि नारळ दिला. "आमी गेल्यावर खोलून पाहजा मॅडम," असंही म्हणाले. नारळाची चटणी केली. शाल प्लास्टिकसकट कपाटात गेली. आता शाल काय उघडून पाहायची? वर्ध्यातल्या प्रत्येक सत्काराची शाल त्यांच्याच दुकानातून जाते. निरोप समारंभ, वाढदिवस, वाचनालयाचा वर्धापनदिन, सगळ्यांच्या शाली माझ्या कपाटात आहेत, आणि प्लास्टिक फोडलं की ती पुढे कुणाला देता येत नाही. हसू नकोस. मागच्या राखीपौर्णिमेला तू मला दिलेल्या शालीवर तुझ्याच शाळेच्या अमृतमहोत्सवाची चिठ्ठी चिकटलेली होती.

तर फ्लॅट. मुलांची परीक्षा होईपर्यंत मला काही ठरवता येत नाही. मालकांना म्हणावं, थांबा जरा.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शरयू


वर्धा,
रविवार, २४ ऑगस्ट

ती. सौ. नलूताईस,
शि. सा. नमस्कार.

माझं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवणारी बहीण वर्धा जिल्ह्यात तरी दुसरी कुणाला नसेल. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंस ते ठीक. पण 'हिरालालजी' हे नाव जिथे जिथे आलं तिथे तिथे खाली रेघ आणि समासात 'पुनरुक्ती टाळा', हे काय? क्लासातला विद्यार्थी आहे, नाव येणारच. मी सुमीतबद्दलही लिहिलं होतं. त्याच्याखाली रेघ दिसली नाही.

असो. या पत्रात मी प्रयत्न करणार होते टाळायचा. जमेलसं वाटत नाही.

काल तान्हा पोळा झाला. गल्लीतली चिमुरडी लाकडी बैल ओढत दारात आली, त्यांना खाऊ दिला. दुपारभर घर भरलेलं होतं आणि मला कशातच गोडी वाटत नव्हती. तुला पंधरा ऑगस्टपासून सांगायला हवं.

कापड व्यापारी मंडळाचा झेंडावंदनाचा कार्यक्रम होता. मुख्य पाहुणी मी. आमदारांना वेळ नव्हता आणि त्यांच्यानंतर ज्यांना विचारलं त्यांनाही नव्हता. मंडळाचा कार्यवाह धनंजय माझा जुना विद्यार्थी. त्याचा सकाळी सातला फोन, "मॅडम, एक अडचन झाली. यंदा सत्कार हिरालाल काकाचा हाय, शाळेच्या पोरायले गणवेशाचं कापड देतात ना ते, त्याचा. त्याहिले सांगतलंच नाई, सरप्राइज हाय. आता शाल कुठून आनू? त्याहिच्याच दुकानातून आनली त समजते. दुसऱ्याच्या दुकानातून आनली त राग येते. तुमच्या घरी एखादी असनच ना?"

असनच! माझ्या घरी काय आहे ते सगळ्या गावाला माहीत. कपाट उघडलं, वरची उचलली. नवीकोरी, प्लास्टिकमधली. रिक्षात बसले.

कार्यक्रम छान झाला. हिरालालजींचं नाव पुकारलं तर मागे बसलेले हिरालालजी इकडेतिकडे पाहू लागले की हा दुसरा कोण हिरालाल. टाळ्या. स्टेजवर आले, लाजले, खूश झाले. सूत्रसंचालकाने टर्रकन प्लास्टिक फाडलं आणि शाल माझ्या हातात दिली. गर्द मरून रंग, बारीक काठ, आणि हाताला इतकी मऊ लागली की मनात आलं, ही मला कुणी दिली होती बरं? आणि मी ती हिरालालजींच्या खांद्यावर घातली.

नलूताई, त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. हसू तसंच राहिलं, पण मागचा माणूस निघून गेला. फोटोवाला म्हणाला, पुन्हा एकदा घाला, हात हलला. मी पुन्हा घातली! पुन्हा टाळ्या. हिरालालजी वाकून "ठीक हाय मॅडम, समजलं," एवढंच म्हणाले आणि नाश्त्याला न थांबता निघून गेले. तर्रीपोहे होते, आणि हिरालालजी तर्रीपोहे सोडून जातात म्हणजे गंभीर बाब. मला वाटलं, भारावले असतील.

त्या दिवसापासून हिरालालजी क्लासला आले नाहीत. आचल रिक्षाने येते, खाली मान घालून लिहिते, खाली मान घालून जाते. 'पप्पा कसे आहेत' विचारलं तर 'बरे हायेत' म्हणते. मागची खुर्ची रिकामी. एकाच मालाचे चार भाव का, असं विचारायला कुणी नाही, आणि मी आपली कुणी हात वर केला आहे का म्हणून मागे पाहत राहते.

शुक्रवारी परीक्षेच्या तयारीसाठी सगळ्यांकडून वाक्यं घ्यायची होती. विषय सुचेना. एका पोरीने सुचवलं, "हिरालाल काका का आले नाही, यावर करू मॅडम." मी नको म्हणायला हवं होतं. फळ्यावर लिहिलं. पोरं सुटलीच. एक पोरगी म्हणाली, ते गिरडच्या दर्ग्याला गेले असतील, 'ही मे हॅव गॉन टू गिरड'. त्यांना ताप आला असेल, 'ही माइट हॅव हॅड फीव्हर'. सुमीतने अर्थातच, 'ही मस्ट हॅव फाउंड अ बेटर मॅडम', त्यांना याहून चांगली मॅडम मिळाली असावी. वर्ग हसला, मीही हसले. एकजण म्हणाला, त्यांना सांगून जाता आलं असतं, 'ही कुड हॅव टोल्ड अस'. मी वर 'शाबास' लिहिलं. मग आचलकडे वळले. म्हटलं, आचल, तू एकही वाक्य दिलं नाहीस.

ती उभी राहिली. माझ्याकडे पाहत म्हणाली, "मॅडम, यू रिटर्न्ड द शॉल."

तुम्ही शाल परत केली. त्यात 'मे' नाही, 'माइट' नाही. मी सवयीने म्हणायला गेले की यात शक्यता कुठे आहे, आणि खडू हातातच राहिला.

क्लास सोडून दिला. आचलला थांबवलं. ती म्हणाली, "आमच्या घराण्यात कसं रायते मॅडम, दुसरेपनाचं लगन असलं की बँडबाजा नाई, बायोडाटा नाई. मानूस बाईले शाल देते. बाईनं ठेवून घेतली त हो समजायचं. परत केली त नाई. बोलायचं काई नाई, म्हंजे कोनाची इज्जत जात नाई. माह्या आत्याचं बी असंच झालं. पप्पानं ते शाल मुद्दाम बाहेरून मागवली होती. तुमी ठेवून घेतली त घरी पेढे आनले होते त्याहिनं. म्हने, मॅडमनं विचार कराले टाइम घेतला असन, म्हनून बोलून नाई राह्यल्या. आन् मंग तुमी सगळ्या मार्केटसमोर..." तिने वही पिशवीत कोंबली. मग म्हणाली, "दोनदा, मॅडम. फोटो बी काढला."

पेपरात आला आहे तो फोटो. 'सन्मान दानशूराचा' अशी ओळ आहे. मी हसते आहे, हिरालालजी मेल्यासारखे उभे आहेत.

पहिल्यांदा मला राग आला. असं कधी विचारतात का? गुरुपौर्णिमेला, पेनं आणि घुबडांच्या रांगेत? मी इंग्रजीची शिक्षिका, मला मनातलं वाचायची सोय कुठे आहे? बराच वेळ मी घरात भांडी आपटत होते. मग कपाट उघडलं, सगळ्या शाली बाहेर काढून पलंगावर टाकल्या, आणि ती एक सोडून बाकी सगळ्या तिथे होत्या. मग मात्र मी रडले. किती वर्षांनी रडले ते तूच आठव. अण्णा गेले तेव्हा मला फुरसत नव्हती आणि आई गेली तेव्हा तू इतकी रडलीस की मला तुला आवरावं लागलं.

'कुड हॅव'ची वाक्यं मला कधी शोधावी लागली नाहीत. एम.ए.ला पुण्याला जाता आलं असतं. ते हिंगणघाटचे लेक्चरर होते त्यांना हो म्हणता आलं असतं. अण्णांचं दुखणं होतं, नोकरी होती, रोजची एसटी होती. त्याचं मला दुःख नाही आणि तूही करू नकोस. पण ही शाल मी कपाटात न उघडता ठेवली हे मला सोसत नाही. मुलांना मी सांगते, 'असता' म्हणजे संपलेली गोष्ट, त्यात आता काही होत नाही. हे प्रकरण संपलं आहे की नाही, तेच मला कळत नाही. ते दुकान तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

फ्लॅटबद्दल आज विचारू नकोस. आणि हे पत्र तपासून पाठवू नकोस.

शरयू


वर्धा,
गुरुवार, १८ सप्टेंबर

ती. सौ. नलूताईस,
शि. सा. नमस्कार.

मधल्या काळात आपण बऱ्याचदा फोनवर बोललो. मी तुला पाऊस सांगितला, गणपती सांगितले, सुमीत परीक्षा पास झाला ते सांगितलं. तू दोनदा 'आणखी काय?' विचारलंस आणि मी 'आणखी काही नाही' म्हणाले. धीर झाला नाही. आज लिहिते आहे, कारण आता बाकी सगळ्या वर्ध्याला माहीत आहे आणि तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू मला जन्मभर सुनावशील.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. साधी साडी नेसले, मुद्दाम. मग वाटलं फारच साधी आहे, बदलली. गणपतीच्या आधीची गर्दी. हिरालालजी आतल्या काउंटरवर एका बाईला अस्तराचं कापड मोजून देत होते. मला पाहिलं आणि मीटरपट्टीकडे असे बघू लागले की जणू पहिल्यांदाच पाहत आहेत. अंकितने मात्र हौसेने गादीवर बसवलं. "या मॅडम. कोनाचा सत्कार हाय? पाहुन्याची दाखवू, का अध्यक्षाची, का सत्कारमूर्तीची?" आणि मी तोंड उघडायच्या आत शालींचा ढीग माझ्यासमोर पडला. मी शेवटी म्हटलं, "मला विकत घ्यायची नाही रे. मला माझी एक परत हवी आहे."

सगळं दुकान वळून बघू लागलं. ज्यांना काही कळलं नव्हतं तेही वळले.

हिरालालजी आतूनच म्हणाले, "ते त नाई राह्यली आता मॅडम."

"विकली?"

"विकन कसा? गिरडले गेलतो. दर्ग्यावर चढवून आलो. दुकानात ठेवली असती त अंकितनं विकली असती. घरी ठेवली असती त रोज दिसली असती."

सुमीतच्या वर्गमैत्रिणीचा अंदाज बरोबर होता म्हणायचा, हे माझ्या मनात येऊन गेलं. शिक्षिकेचं मन कुठेही गुण देत बसतं. मग मी सांगितलं, मोठ्याने, कारण हिरालालजी जवळ यायला तयार नव्हते. "हिरालालजी, मी ती शाल उघडलीच नव्हती. तुम्ही दिलेली तीच ही, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं कपाटातली कुठलीतरी आहे."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. तर हिरालालजी कात्री घेऊन तरातरा बाहेर आले. "खोलली नाई? मॅडम, खरी पश्मिना होती! काश्मीरहून मागवली होती! महिनाभर घरात होती आन् तुमी प्लास्टिक बी काढलं नाई?" नकाराचं दुःख त्यांनी गिळलं होतं, पण मालाचा हा अपमान त्यांना सहन होईना. अंकितकडे वळून म्हणाले, "खोलली बी नाई!" अंकितनेही मान हलवली.

मीही चिडले. म्हटलं, "तुमच्या घराण्याची रीत मला कोण सांगणार? विचारायचं होतं तर सरळ विचारायचं."

"इंग्लिशमंदी पाठ करून आलतो. तुमच्यासमोर उभा राह्यलो त सगळं इसरलो. मंग फक्त खोलून पाहजा म्हटलं." मग म्हणाले, "म्हंजे मॅडम, तुमी नाई म्हटलंच नाई?"

"मला कुणी काही विचारलंच नाही."

अस्तर घ्यायला आलेल्या त्या बाई, वच्छलाबाई त्यांचं नाव, इतका वेळ काउंटरला कोपर टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग आता इचारा ना भाऊ. माह्यं कापड मागून फाडजा."

हिरालालजींनी कात्री खाली ठेवली. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "मॅडम, वुड यू..." असं सुरू केलं आणि अडकले. मी म्हटलं, मराठीत विचारा. तर म्हणाले, "माह्याशी लगन करता काय?"

मी 'हो' म्हटलं. नलूताई, तू फोनवर ऐकतेस तो 'हं' नाही. हो.

वच्छलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी बाहेरून चहा सांगितला. अंकित शालींच्या ढिगात उभा, त्याला सुचेना, म्हणाला, "पप्पा, मंग बिल कोनाचं करू?" तो पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "मॅडम, मी तुमाले आई म्हनू का नको?" मी म्हटलं, मॅडमच म्हण, मलाही सवय आहे. तेव्हा मोकळा झाला. आचलला तर आधीपासून सगळं माहीत होतं. ती म्हणते, मी तिकडे गेल्यावर पप्पा भिंतीशी बोलणार नाहीत, हे बरं झालं.

विवाह नोंदणी कार्यालयात आम्ही परवा नोटीस दिली. तू आता ओरडशील, पितृपक्षात! नोटीस पितृपक्षात दिली आहे, लग्न नाही. टेबलावर नत्थू होता, माझा विद्यार्थी, मी त्याला इंग्रजीत नापास केलं होतं. त्याने माझा अर्ज चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, इथं एक सही राहून गेली," आणि काय आनंद झाला त्याला. नोटीस बाहेर फलकावर लावली आहे. निम्मं गाव वाचून गेलं. दूधवाला अभिनंदन म्हणाला. शेजारचे अजून काही म्हणाले नाहीत, पण माझ्याकडे पाहून त्यांची खिडकी बंद होते आणि लगेच उघडते.

तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ आहे. या वयात? आपल्यातले नाहीत. दुकानदार आहेत. लोक काय म्हणतील? वय आहे खरं. आपल्यातले नाहीत हेही खरं, त्यांच्या घरी माझ्या स्वयंपाकाला सगळे पाणी पाणी म्हणतात आणि त्यांच्या भाजीने माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. दुकानदार आहेत, आणि तुझ्या-माझ्या ओळखीतल्या कुठल्याही प्राध्यापकाने मला आजवर 'तुम्ही जेवलात का' असं विचारलेलं मला आठवत नाही. हिरालालजी रोज विचारतात. लोक काय म्हणायचं ते म्हणून झाले आहेत, मी फलकाखाली उभी राहून ऐकलं. मला ते आवडतात. हे वाक्य मी आजवर कुणाबद्दल लिहिलं नव्हतं, आणि याच्याखाली तू खुशाल लाल रेघ मार.

फ्लॅट सोडून दे. मालकांची माझ्यातर्फे माफी माग. मला माहीत आहे, तू तो फ्लॅट तुझ्या सोयीसाठी धरून ठेवला नव्हतास. तुला रात्री जाग येते आणि मी इथे एकटी असते याची काळजी वाटते. भाऊजींनी मला मागेच सांगितलं होतं. तू बरोबर होतीस, ताई. मी एकटी होते. चांगलीच होते. तुला कधी कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर तू पहिल्या गाडीने मला न्यायला आली असतीस.

आता पहिल्या गाडीने ये, पण न्यायला नाही. १७ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी अकरा. वसुबारस आहे, म्हणजे तिथीबद्दलही तुला काही बोलता येणार नाही. तीन साक्षीदार लागतात. आचल आहे. वच्छलाबाई म्हणाल्या, मी नसते तर हे झालंच नसतं, माझी सही लागेल. तिसरं नाव मी तुझं देऊन आले, तुला न विचारता. वक्तृत्व स्पर्धेत, शिवणवर्गात, बी.एड.ला, जिथे तिथे तू माझं नाव मला न विचारता घातलंस आणि मी मुकाट जाऊन उभी राहिले. एकदा माझ्यासाठी तू उभी राहा.

तू येणार असं नत्थूला सांगून बसलेली,
तुझी धाकटी,
शरयू